पेटी चरख्यावर सूत सारखं तुटतंय? आधी तुटलेलं टोक बघा

दर महिन्याच्या तिसऱ्या रविवारी कोथरूडमधल्या एका हॉलमध्ये आमचा कताईचा गट जमतो. दहा-बारा पेटी चरखे (पेटीत घडी होणारे चरखे), दोन-तीन तकल्या (हाताने फिरवायच्या कताईच्या काड्या), सतरंज्या आणि चहाचा थर्मास. नवी मंडळी येतात, आम्ही चार-पाच जुने शिकवतो. पहिला तास झकास जातो. साडेअकरा वाजले की एका कोपऱ्यातून आवाज येतो, "ताई, तुटलं." मग दुसऱ्या कोपऱ्यातून. मग एकदम तीन ठिकाणांहून. बारानंतर मी नुसती सांधे जोडत फिरत असते.

यावर आमचं ठरलेलं उत्तर होतं : "हात बसला नाही अजून, बसेल हळूहळू." दोन उन्हाळे आम्ही हेच सांगितलं. तिसऱ्या उन्हाळ्यात एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक काका आले होते. त्यांनी ते उत्तर ऐकून घेतलं नाही. म्हणाले, "मी तोच, चरखा तोच, पेळू (पिंजलेल्या कापसाची वळलेली नळी) त्याच जुडीतला. दहा वाजता बसलेला हात बारा वाजता उठला कसा?"

मला काही बोलता येईना. घरी येऊन आमची नोंदवही काढली. त्यात आम्ही प्रत्येकाचं सूत किती झालं, काय अडचण आली, असं दोन ओळींत लिहून ठेवतो. "सूत तुटते" ही नोंद फेब्रुवारी ते मे या महिन्यांत पानापानावर होती, आणि तीही दुपारचीच. जुलै-ऑगस्टमध्ये जवळपास नाहीच. नवशिके तर बारा महिने येतात. मग दोष हाताचा असता तर तो पावसाळ्यात कुठे जातो?

त्यानंतर वर्षभर आम्ही जे करून पाहिलं त्यातलं कामाचं तेवढं इथे लिहिते आहे.

तुटलेलं टोक फेकू नका

सूत तुटलं की माणूस घाईघाईने सांधा द्यायला बघतो. थांबा. चातीकडे (जिच्या फिरण्याने सुताला पीळ पडतो त्या टोकदार काडीकडे) राहिलेलं टोक हातात घ्या, काळ्या कापडावर धरा (आम्ही छत्रीच्या कापडाचा तुकडा ठेवतो) आणि नीट बघा.

टोक निमुळतं असेल, रंगाच्या बारीक ब्रशसारखे तंतू मोकळे सुटलेले असतील, तर सूत तुटलेलंच नाही. ते सुटलंय. तंतू एकमेकांवरून घसरले, कारण त्यांना धरून ठेवायला पुरेसा पीळ नव्हता. आमच्याकडच्या दुपारच्या तक्रारींतली बहुतेक टोकं अशीच निघाली.

टोक स्वतःभोवती गुरगुटून डुकराच्या शेपटीसारखं झालं असेल, तर उलटा प्रकार. पीळ जास्त झाला आणि बारीक जागी सूत कडकन तुटलं. पिळाची एक खोड आहे, तो बारीक जागेकडे धावतो. जाड जागा मऊ राहते आणि तिच्या शेजारची बारीक जागा वळून वळून ठिसूळ होते. म्हणून गाठाळ सूत नेहमी गाठीच्या शेजारी तुटतं, गाठीत नाही.

तुकडा दर वेळी पेळूच्या तोंडाशीच सुटत असेल तर पेळू तपासा. दर वेळी चातीच्या टोकाशी तुटत असेल, आणि तिथे तंतू खरवडल्यासारखे दिसत असतील, तर चाती.

टोक बघून कळलं नाही तर आणखी एक सोपी परीक्षा. नुकतं कातलेलं वीतभर सूत पेळू आणि चातीच्या मध्ये ताणलेलं असतं, ते जरा सैल सोडा. लोंबणारा धागा स्वतःवरच दोन-तीन सावकाश वेढे घेऊन थांबला तर पीळ ठीक आहे. काहीच वेढा घेतला नाही तर कमी. लगेच घट्ट दोरखंडासारखा गुंडाळत गेला तर जास्त.

दुपारी पीळ कमी का पडतो

या प्रश्नाला आम्हाला सगळ्यात जास्त वेळ लागला. हँडल तितकंच फिरवतोय, हात तितकाच मागे नेतोय, मग पीळ कमी कसा?

उत्तर माळेत, म्हणजे चाकं आणि चाती फिरवणाऱ्या दोरीत होतं. पेटी चरख्यात दोन माळा असतात. एक जाड, मोठ्या चाकावरून छोट्या चाकावर येते, दुसरी बारीक माळ छोट्या चाकावरून चातीवर. चातीचा आधार स्प्रिंगवर असल्यामुळे बारीक माळ बऱ्यापैकी ताणलेली राहते. जाड माळेचं तसं नाही. आमच्या पेट्यांत दोन्ही चाकांमधलं अंतर ठरलेलं आहे, त्यामुळे माळ सैल झाली की सैलच.

आणि ती सुती आहे. कपडे वाळत घालायची सुती दोरी आठवा. पावसात भिजली की ताठ होते, उन्हात झोल पडतो. ओलाव्याने तंतू फुगतात, पिळलेली दोरी आखडते. कोरड्या हवेत पुन्हा सैल. चरख्याची माळही हेच करते. पुण्यात एप्रिलच्या दुपारी हवेतला ओलावा २० टक्क्यांच्या आसपास उतरतो. सकाळी दहाला घट्ट असलेली माळ साडेअकराला किंचित सैल होते, वर आम्ही सगळे पंखे पाचवर. माळ चाकावरून निसटते, हँडल फिरतं पण चाती तितकी फिरत नाही. डोळ्यांना हे दिसत नाही, कारण चाती इतकी जोरात फिरते की शंभर फेरे आणि सत्तर फेरे सारखेच वाटतात.

मोजायचं कसं, तर असं. चातीला शिलाईच्या दोऱ्याचं टोक बांधा. दोरा चातीला काटकोनात धरा, बोटाने किंचित ताण द्या. हँडल फक्त पाव फेरा फिरवा. आता चातीवर गुंडाळलेले वेढे सुईच्या टोकाने मोजा. त्याची चौपट म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात चातीचे फेरे. आमच्या तीन नंबरच्या पेटीवर सकाळी २५ वेढे आले. दुपारी बारा वाजता त्याच पेटीवर, त्याच हाताने, १७. म्हणजे शंभराचे अडुसष्ट झाले. काका गालातल्या गालात हसत होते.

याचा सुतावर परिणाम किती, याचं गणित फार अवघड नाही. खादीत सुताचा नंबर म्हणजे एका किलोत हजार मीटरच्या किती गुंड्या (सुताच्या लडी) बसतात तो आकडा. आमच्याकडे नवशिके साधारण २५ नंबरच्या जवळपास कातायला बघतात. तेवढ्या सुताला सेंटीमीटरला सहाच्या आसपास पीळ लागतो. एका ओढीत हात ६० सेंटीमीटर मागे जातो असं धरा : ३६० पीळ, म्हणजे हँडलचे साडेतीन-चार फेरे. शिकवताना आम्ही "चार फेरे आणि हात मागे" असंच सांगतो. माळ निसटत असेल तर त्याच चार फेऱ्यांत चाती २७० वेळाच फिरते आणि सेंटीमीटरला साडेचार पीळ पडतात. लांब तंतूंचा कापूस असेल तर एवढ्यावरही सूत कसंबसं टिकेल. आमचा पेळू होता देशी कापसाचा. जुन्या देशी वाणांचा तंतू साधारण २०-२२ मिलीमीटरचा, संकरित वाणांचा २८-३० चा. तंतू आखूड तितकी एकमेकांवरची पकड कमी आणि पीळ जास्त हवा. म्हणजे जिथे पीळ सगळ्यात जास्त लागतो तिथेच तो सगळ्यात कमी पडत होता.

पेटी चरख्याला जुने खादीवाले येरवडा चक्र म्हणतात. गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात या घडीच्या चरख्यावर बरंच काम केलं. १९३० मध्ये ते मे महिन्यात पकडले गेले आणि पुढच्या जानेवारीत सुटले, म्हणजे पुण्याची फेब्रुवारी-मार्चची कोरडी हवा त्या खेपेला तरी त्यांना लागली नाही. १९३२ च्या खेपेला लागली असणार. तेव्हा ते माळेचं काय करत होते, हा प्रश्न मला आता दर उन्हाळ्यात पडतो.

माळेचं काय करायचं

माळ काढून पुन्हा जोडा, अर्धा-पाऊण सेंटीमीटर आखूड करून. पण गाठ मारू नका. गाठ छोट्या चाकावरून जाताना दर वेळी माळ उडते, चातीला हिसका बसतो आणि ठरावीक तालात सूत तुटतं. तुमचं सूत घड्याळासारखं नेमाने तुटत असेल तर आधी गाठच शोधा. दोन्ही टोकं दीड-दोन सेंटीमीटर एकमेकांवर ठेवून सुईने शिवा, शिवणीवर मेण चोळा, दोन बोटांत फिरवून गोल करा.

माळेला राळ लावली की पकड वाढते. सारंगी-व्हायोलिनच्या गजाला लावतात तीच राळ, थोडी. जास्त लावली तर ती चाकावर बसते आणि महिन्याभराने धूळ धरून चिकट होते.

तेल मात्र माळेच्या जवळपासही नेऊ नका. चरखा अडतोय असं वाटलं की कुणीतरी हौसेने शिलाई मशीनचं तेल सोडतं आणि ते ओघळून चातीच्या चकतीवर येतं. मग माळ बर्फावरून चालावी तशी चालते. तेल फक्त चातीच्या आधारांना आणि आसांना, तेही काडीच्या टोकाने, एकेक थेंब.

पावसाळ्यात उलट होतं. उन्हाळ्यात आखूड केलेली माळ जूनमध्ये इतकी आवळते की हँडल जड जातं. म्हणून आम्ही प्रत्येक पेटीत दोन माळा ठेवतो, एक उन्हाळ्याची आणि एक पावसाळ्याची. हिरवा दोरा बांधलेली पावसाळ्याची.

हवेचं काय करायचं

माळ नीट केली तरी कोरड्या हवेत पेळू स्वतः कुरकुरतोच. तंतू फिस्कारलेले राहतात, बोटांना चिकटतात, सरळ सुटत नाहीत. कापूस हवेतला ओलावा पितो आणि ओला झाला की उलट मजबूत होतो, कमजोर नाही. सूतगिरण्यांच्या कताई खात्यात त्यासाठी हवा मुद्दाम ५५-६० टक्के दमट ठेवतात. ढाक्याच्या मलमलीचं सूत कातणाऱ्या बायका पहाटेच्या दवात बसायच्या, नाही तर शेजारी पाण्याचं भांडं ठेवायच्या.

आम्ही करतो ते साधं आहे. आदल्या रात्री पेळू स्टीलच्या डब्यात, वर ओलसर पिळून काढलेला पंचा, पण तो पेळूला टेकणार नाही असा. त्यासाठी डब्यात वाटीवर जाळी ठेवतो, पोळ्यांच्या डब्यात ठेवतात तशी. सकाळी पेळू हाताला थंडगार आणि शांत लागतो. ओला लागला तर चुकलं, मग सूत नाही, वाती होतील. दुपारी हॉलच्या फरशीवर ओलं फडकं आणि खिडकीला वाळ्याचा पडदा.

आणि पंखा बंद. यावरून दर वर्षी भांडण होतं. तडजोड अशी निघाली की पंखा सुरू, पण चरखे भिंतीकडे, आणि ज्याचं सूत तुटेल त्याला पंखा बंद करायची मुभा.

पेळू : मेडिकलमधला कापूस आणू नका

दर वेळी कुणीतरी औषधांच्या दुकानातल्या कापसाची निळ्या कागदातली गुंडाळी घेऊन येतं. समजण्यासारखं आहे, कापूस म्हणजे कापूस. पण तो कापूस जखमेतलं पाणी शोषण्यासाठी केलेला. त्यावरचं नैसर्गिक मेण धुऊन काढलेलं असतं आणि तंतूही बहुधा आखूड. तंतू एकमेकांवरून सरकायलाच तयार होत नाहीत. ओढलं की एक तर गोळा येतो, नाही तर तुकडा. त्यावर तासभर घालवणाऱ्या मुलीला "हात बसेल" म्हणणं हा छळ आहे.

चांगला पेळूही हाताळणीत मरतो. पिशवीच्या तळाशी चेपलेला, घामट मुठीत आवळलेला पेळू सपाट होतो आणि एका कडेने सुटतो, दुसऱ्या कडेला अडतो. पेळू धरायचा चिमटीत, तोही चिमणीचं पिल्लू धरल्यासारखा. अंगठ्याने दाबलात तर पीळ अंगठ्यापाशी अडतो आणि पुढचं सूत तुटतं. चेपलेला पेळू वाया गेला असं मात्र नाही. तो उकलून, परत पिंजून, काडीवर वळून घ्या.

यात एक गंमत पाहिली. मागच्या चैत्रात एक सत्तरीच्या आजी नातीला सोडायला आल्या आणि सहज चरख्यावर बसल्या. आयुष्यात चरखा फिरवलेला नाही, पण पंधरा मिनिटांत त्यांचं सूत नातीपेक्षा एकसारखं. विचारलं तर म्हणाल्या, "अगं, चातुर्मासात लाखाच्या वाती वळल्यात मी, कापूस किती ओढला की सुटतो ते बोटांना ठाऊक असतं." तेव्हापासून नवशिक्यांना पहिली दहा मिनिटं आम्ही चरखा देतच नाही. कापूस द्यायचा आणि वाती वळायला लावायच्या.

चातीचं टोक

हे दुखणं कमी आढळतं, पण आढळलं की दिवस खातं. चाती कधीतरी फरशीवर पडलेली असते, टोकाला डोळ्यांना न दिसणारी बारीक कूस येते. चातीच्या टोकावरून दर फेऱ्याला सूत घसरून सुटायचं असतं, त्यातूनच पीळ पडतो. तिथे कूस असेल तर दर फेऱ्याला एखादा तंतू खरवडला जातो. टोकावरून कापसाचा बोळा हलकेच फिरवा. तंतू अडकला तर कूस आहे. झिरो नंबरचा पॉलिश पेपर चिमटीत धरून चाती फिरवत घासा, मग कापडाने पुसा.

चाती वाकली असेल तर काचेवर लोळवून बघा. वाकडी चाती लोळताना लंगडते. थोडा बाक लाकडावर ठेवून हलक्या हातोडीने निघतो, जास्त असेल तर नवी घ्या.

आता हाताकडे

हाताचा दोष नसतो असं नाही. पण तो शेवटी तपासायचा. नवशिक्यांत मला दोनच चुका पुन्हापुन्हा दिसतात. एक, हात मागे जातो पण हँडल थांबतं. लक्ष एका हाताकडे गेलं की दुसरा विसरतो. पीळ यायच्या आत ओढ बसते आणि सूत सुटतं. त्यावर उपाय तोंडाने मोजणं. "एक, दोन, तीन, चार" मोठ्याने, लाज सोडून. आमच्या हॉलमध्ये बाहेरून येणाऱ्याला बालवाडी भरल्यासारखं वाटतं.

दुसरी, कोन. कातताना सूत चातीच्या टोकाकडून तिरकं निघालं पाहिजे, चातीशी साधारण ३०-४५ अंशांत. हात बाजूला सरकून काटकोन झाला की सूत पिळलं जायच्या ऐवजी चातीवर गुंडाळलं जातं आणि तुम्ही मागे ओढत असता, म्हणून तटकन तुटतं. काटकोन फक्त कुकडी भरताना, म्हणजे कातलेलं सूत चातीवर गुंडाळताना.

सामायिक चरख्यावरची एक खास भानगड. सकाळी एकाने सुलट फिरवून कातलं, दुपारी त्याच कुकडीवर दुसऱ्याने हँडल उलट फिरवलं. डावखुऱ्या मंडळींकडून हे हमखास होतं. नवं सूत येण्याऐवजी जुन्याचा पीळ उकलतो आणि सांधा धरतच नाही. पाच वेळा सांधा सुटला तर हात सोडा, दिशा बघा.

सांधा देताना तुटलेलं टोक कापून सरळ करू नका, तंतू मोकळे राहू द्या. पेळूचं तोंड थोडं विस्कटून त्यावर दोनेक सेंटीमीटर सूत ठेवा, हलकं धरा, हँडलचा एक फेरा सावकाश. गाठ मारलेलं सूत विणताना फणीत अडकतं, आणि विणकराच्या शिव्या तुम्हाला ऐकू येत नाहीत एवढंच.

या एप्रिलमध्ये सुरुवातीला सगळ्या पेट्यांवर पाव फेऱ्याचे वेढे मोजले, २२ च्या खाली आलेल्या चार पेट्यांच्या माळा बदलल्या, साडेअकराला पुन्हा मोजले. त्या दिवशी मला पहिल्यांदा बसून चहा पिता आला. फक्त सात नंबरची पेटी माळ नवी असूनही १८ च्या वर जाईना. शेवटी काकांनी ती उलटी करून पाहिली, तर छोट्या चाकाच्या आसाखालची फळी उचकटून चाक एका बाजूला कललेलं. तिथे त्यांनी जुन्या लग्नपत्रिकेचा तुकडा चौघडी करून सरकवलाय. पेटी पुसताना तो कचरा समजून काढू नका.